आत्तीच्या रविवारच्या तपासण्या

चौदाव्या वर्षी मी वजनं उचलायला लागले आणि आमच्या आत्तीच्या जिवाला घोर लागला. वडिलांची ही थोरली बहीण आमच्याच घरी राहायची, चार म्हशी सांभाळायची, आणि घरात तिच्या शब्दापुढे कुणाची टाप नव्हती. "पोरीला मिशा फुटल्या तर पावणं दारात उभं ऱ्हातील व्हय?" तिनं अट घातली. दर रविवारी सकाळी उंबऱ्यावर, उजेडात ती माझा ओठ तपासणार. लव दिसली की व्यायामशाळा बंद.

मी रिकाम्या बारवरून स्वतःच्या वजनाइतक्या प्लेटांपर्यंत गेले. जिल्ह्याच्या निवडीला पंधरा दिवस उरले आणि लव दिसली! आत्तीनं व्यायामशाळा बंद केली. मी रडले नाही, ताट आपटलं.

मी दोन दिवस व्यायामशाळेत गेले नाही म्हणून तिथले सर घरी आले. आत्ती नुकतीच वैरणीचा भारा उतरवून बसली होती. सर म्हणाले, "मावशी, पुरुषाचं हार्मोन बाईच्या अंगातबी असतंय, पर जरासं. वयात येताना समद्याच पोरींना लव येती. वजनानं बळ वाढतंय, मिशी न्हाई."

"तुम्ही सांगणार आन् मी ऐकणार व्हय!"

माझं डोकं फिरलं. खिळ्यावरचा आरसा काढून मी तिच्यापुढे धरला. "आधी तुझा ओठ बघ!"

पन्नाशी उलटलेल्या आत्तीच्या ओठावर चांगले राठ केस होते. आता थोबाडीत बसणार, असं मी धरूनच चालले होते. आत्तीनं आरशात निरखून पाहिलं.

"बया! माझी तर हिच्यापेक्षा दाट हाय की. भाऱ्यानं आली व्हय ही?"

"भाऱ्यानं न्हवं, वयानं," सर म्हणाले. "पाळी गेली की बायकी हार्मोन उतरतंय, मग येत्यात केस. भाऱ्यानं आलं ते हे." त्यांनी तिच्या दंडाकडे बोट दाखवलं. आत्ती पोट धरून हसली, आणि मी तशीच व्यायामशाळेकडे पळाले.

निवडीच्या दिवशी संध्याकाळच्या धारा वडिलांवर टाकून ती आली. शेवटच्या प्रयत्नात बार डोक्यावर गेला, कोपर थरथरायला लागलं, तेवढ्यात तिचा आवाज आला, "सोडू नगंस! वैरणीचा भारा हाय त्यो!" मी सोडला नाही. पहिली आले.

पुढच्या रविवारी तिनं पुन्हा उंबऱ्यावर बोलावलं. ओठाकडे बघितलंही नाही. माझी बाही वर सारली, दंड दाबून पाहिला आणि आईला हाक मारली, "आजपासनं हिचं दूध वाढव गं!"