आईचे टाके

हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, धाकट्या बहिणीला नाही. एकदा एका मैत्रिणीला सांगायचं ठरवलं होतं, मेट्रोच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून — आणि ऐन वेळी भलतंच काहीतरी सांगून रडले. तिने पाठीवरून हात फिरवला. तो मी फिरवू दिला. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही पाठीवरून हात फिरवू शकत नाही.

महिन्यातल्या एका शनिवारी मी इथे सिडनीत, कॅसल हिलजवळच्या एका लायब्ररीत, लोकांना कपडे दुरुस्त करायला शिकवते. गुडघ्यावर फाटलेल्या जीन्स, कसर लागलेले स्वेटर, जुन्या साड्यांच्या पिशव्या. ठिगळ लपवायचं नाही, उलट उठून दिसू द्यायचं, अशी हल्ली फॅशन आहे. कुणीतरी विचारतंच, हे तू कुठे शिकलीस? मी सांगते, आईकडून. तिच्या हातात जादू होती म्हणते. होती — असंच म्हणते. बायका छातीवर हात ठेवून ‘ऑ’ करतात. त्या क्षणी मला माझी शिसारी येते. आणि पुढच्या महिन्यात मी पुन्हा तेच म्हणते.

आई आहे. चिंचवडला असते, ठणठणीत आहे. फक्त शिवत नाही.

तीस वर्षं तिने घरी ब्लाऊज शिवले, फॉल-पिको केलं. बाबा लवकर गेले, आम्हा दोघी बहिणींची शिक्षणं त्या पायमशीनवर झाली. आमच्या कॉलनीत बायका म्हणायच्या, कापड विरेल पण मालतीबाईंची शिलाई उसवणार नाही. आई वरवर म्हणायची, चला, काहीतरीच. पण चहा टाकायला आत जायची तेव्हा तिची मान ताठ असायची. तिच्याकडे दुसरं होतं काय, ज्याचा तिने अभिमान बाळगावा? एक हात होता.

आठ वर्षांपूर्वी ती सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. आम्ही नुकतेच गिरावीनच्या भाड्याच्या फ्लॅटमधून इथल्या स्वतःच्या घरात आलो होतो. इरा, माझी मुलगी, पहिलीत होती. आईने सोबत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणला होता — सुया, रिळं, बटणं, शिलाई उसवायची छोटी कटर. पहिल्याच आठवड्यात तिने आपल्या एका जुन्या सुती साडीचे उशांचे अभ्रे केले. सगळे हाताने, कारण माझ्याकडे तेव्हा मशीन नव्हतं. मग ती घरातल्या कपड्यांकडे वळली. नवऱ्याच्या पँटची तळशिलाई. इराच्या ट्रॅकपँटचा गुडघा. आणि इराचा ट्युनिक, शाळेच्या युनिफॉर्मचा फ्रॉक. खिशाजवळ तो चांगला वीतभर फाटला होता, आणि आईने आतून निळ्या ब्लाऊजपीसचं ठिगळ लावलं होतं. निळा रंग जवळचा होता. अगदी तोच नव्हता.

त्या शुक्रवारी आम्ही इराला शाळेतून घेऊन थेट गिरावीनला एका वाढदिवसाला गेलो. तिथली यजमानीण आमच्यातलीच, पुण्याची. तिने इराला जवळ घेतलं, खिशावरून बोट फिरवलं आणि मला हळूच म्हणाली, “अगं, युनिफॉर्म शॉपमध्ये सेकंडहँड चांगले मिळतात. माझ्याकडे आमच्या रियाचा जुना पडलाय, देऊ का? नो वरीज, लाजू नकोस.”

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिने खरंच मायेने विचारलं होतं. मी हसून म्हटलं, “आई ना, ऐकतच नाही.” आई दोन हातांच्या अंतरावर बसली होती, प्लेट घेऊन. तिने ऐकलं नाही, असं मी आजही धरून चालते.

इथे मी तुम्हाला माझ्या लहानपणचं सांगू शकते. गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांचे फ्रॉक, वर्गातल्या मुलींचं फिदीफिदी हसणं. पण ते सांगितलं की तुम्ही माझ्या बाजूला याल. येऊ नका.

मी आईला एवढंच सांगायला हवं होतं, की युनिफॉर्मला ठिगळ लावू नकोस, इथे चालत नाही. एका वाक्याचं काम. तिने ऐकलंही असतं. थोडी हिरमुसली असती, संध्याकाळपर्यंत विसरली असती. पण मग मी आईच्या शिलाईची लाज वाटणारी मुलगी ठरले असते. ते मला नको होतं. मला चांगलंही राहायचं होतं आणि ठिगळही नको होतं. मग मी काय केलं?

बुधवारी मी घरून काम करायची. दुपारी जेवून आई तासभर आडवी व्हायची. मी तिच्याच डब्यातून तिचीच कटर घेतली आणि तिने घातलेले टाके उसवले.

सगळे नाही. सगळे उसवले तर कळलं असतं. मधला एक टाका तोडायचा, मग सुईच्या टोकाने पुढचे चार-सहा अलगद ओढून काढायचे, म्हणजे कापडाला भोक पडत नाही — हे मला तिनेच शिकवलं होतं, मी दहा वर्षांची असताना, मांडीवर बसवून. मी त्यात एक भर घातली. दोऱ्याचं तुटलेलं टोक बोटांत चुरडून ठेवायचं, म्हणजे ते झिजून तुटल्यासारखं दिसतं. मग कपडे वॉशिंग मशीनमध्ये. संध्याकाळी दोरीवरून काढताना ठिगळ लोंबत असायचं.

पहिल्यांदा आई म्हणाली, इथलं मशीन फार जोरात घुसळतं वाटतं. आणि पुन्हा शिवलं, दुहेरी दोऱ्याने. पुढच्या बुधवारी मी तेही उसवलं. फक्त ट्युनिकचं उसवलं असतं तर संशय आला असता, म्हणून ट्रॅकपँटही उसवली. नवऱ्याची पँटही. डोकं बघा कसं चालतं माणसाचं.

तिसऱ्या वेळी ती ट्युनिक घेऊन खिडकीशी उभी राहिली. शिलाईवरून अंगठा फिरवत राहिली. मला म्हणाली, डोळे तपासून येऊ का गं? मी तिला शॉपिंग सेंटरमधल्या चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. गाडी मी चालवली. सगळं माहीत असताना मी गाडी चालवली, पार्किंग शोधलं, तिच्या शेजारी बसून फॉर्म भरला. तपासणाऱ्या मुलीने सांगितलं, या वयाला नजर उत्तम आहे. मी भाषांतर करून सांगितलं. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. तिने मांडीवरच्या आपल्या बोटांकडे पाहिलं. म्हणजे डोळे नाहीत, तर हात.

परत येताना ती गाडीत म्हणाली, “टाका कच्चा पडतोय माझा. बोटांत जोर राहिला नाही.”

तेव्हा सांगता आलं असतं. सिग्नल लाल होता, वेळ होता. मी म्हटलं, “वय झालं आता, आई. किती करशील? राहू दे.” तिच्या हातावर हातही ठेवला. हा माझा हात मी लायब्ररीत लोकांपुढे धरून दाखवते, सुई कशी धरायची ते.

घरी येऊन तिने डबा बंद केला. जाताना माझ्याकडेच ठेवून गेली, म्हणाली, आता मला काय करायचाय. चिंचवडला पोचल्यावर दोन महिन्यांनी बहिणीचा फोन आला, आईने गिऱ्हाइकं बंद केली. ज्यांचे ब्लाऊज शिवायला आले होते ते तसेच परत दिले. कुणाचं चांगलं कापड माझ्या हातून वाया नको, म्हणाली. मशीन समोरच्या वनिताला देऊन टाकलं. बहीण म्हणाली, बरं झालं ना, आता आराम करेल. मी म्हटलं, हो, बरं झालं.

ज्या ठिगळाची मला लाज वाटली, तेच ठिगळ आता मी लोकांना शिकवते. लोक वाहवा करतात. यावर तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, आणि ते बरोबर आहे.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही आईला व्हिडिओ कॉल केला. इरा आता नववीत आहे, जुन्या कपड्यांचं नवं काहीतरी करायचं वेड तिलाही लागलंय. तिने विचारलं, “आजी, कॅन यू टीच मी? लाइक, प्रॉपर हँड स्टिचिंग?”

आई हसली. “मी नको गं बाळा. माझ्या हातचं टिकत नाही आता. तुझ्या आईला विचार, तिचा टाका पक्का आहे.”

मी तिथेच होते, स्क्रीनच्या कोपऱ्यात. मला माझा चेहरा दिसत होता. तो हसत होता.

फोन ठेवल्यावर इरा जुन्या चादरींच्या कपाटात शोधाशोध करत बसली आणि एक अभ्रा घेऊन आली. आईच्या त्या सुती साडीचा. पहिल्या आठवड्यातला, वाढदिवसाच्या आधीचा — म्हणून माझ्या हातून सुटलेला. आठ वर्षं दर आठवड्याला धुऊन कापड इतकं विरलं होतं की पलीकडचं दिसत होतं, मधोमध फाटलंही होतं. कडेची शिलाई मात्र शाबूत होती. इराने दोन्ही हातांनी ओढून पाहिली. एक टाका हलला नाही.

“दिस इज सो स्ट्राँग,” ती म्हणाली. “कोणी शिवलंय?”

आईचं नाव घेतलं असतं, तर तिचा पुढचा प्रश्न काय असता? माझ्या हातचं टिकत नाही, हे अर्ध्या तासापूर्वीच तिने आजीच्या तोंडून ऐकलं होतं.

मी म्हटलं, “मी.”

“शिकव ना मग,” म्हणत ती शेजारी येऊन बसली. मी पत्र्याचा डबा काढला आणि तिला सुईत दोरा ओवून दिला.