धीराची पुडी

संशोधनाच्या अहवालात निष्कर्षांना जागा असते. निष्कर्षांच्या आड जे जे आले, त्याला नसते. मग ते कोठे जाणार? खाडीवरचा वारा यावा तसे दुपारच्या चहाला आपोआप येऊन बसते आणि वर्षानुवर्षे साचत राहते.

ऐंशीच्या दशकातील, रत्नागिरीतील हे प्रसंग. भीती वाटली की शरीर कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात सोडते. प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आधी पोटात गेले, तर कॉर्टिसॉल कमी सुटते का, हे मला पाहायचे होते. घाबरलेली माणसे हुकमी मिळण्याची एकच जागा मला ठाऊक होती: मुलींचे अध्यापक विद्यालय, परीक्षकांसमोर पाठ घ्यायच्या दिवशी. निम्म्या मुलींना ट्रिप्टोफॅनची पुडी, निम्म्यांना दिसायला तशीच पिठाची. कोणाला कोणती, हे शेवटपर्यंत मलाही कळणार नव्हते.

मुलींनी तिचे नाव ‘धीराची पुडी’ ठेवले. सिद्ध होण्यापूर्वी असे नाव देऊ नये, अशी मी हरकत घेतली. कोणी ऐकले नाही.

*

“रात्रीपासून पोटात काही नको,” असे मी बजावले होते. सकाळी एकीच्या ओठाला दाण्याचे कूट.

“खाल्लंस?”

“नाय बाई, कडक उपास आहे. नुसते दाण्याचे लाडू.”

त्या लाडवांत सगळी अमिनो आम्ले सहकुटुंब हजर होती.

*

वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींना पुड्यांचा राग होता.

“माज्या कुळथाच्या पिठीत नाय काय ता?”

“आहे, मावशी. पण पिठीत इतर अमिनो आम्लांची गर्दी असते. मेंदूच्या दारातून सगळ्यांनाच आत जायचे असते, याला वाट मिळत नाही. म्हणून एकट्याला धाडायचे.”

मावशी चूल फुंकायच्या थांबल्या. मागीलदारी पोफळींच्या सावल्या हलत होत्या.

“एकट्याला आत करमेल काय?”



*

रक्ताचे नमुने बर्फाच्या पेटीतून एस.टी.ने मुंबईला जात.

“सुरमई काय, बाई?” कंडक्टरने विचारले.

“रक्त आहे. माणसांचे.”

त्याने पेटी आपल्या सीटखाली घेतली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून ट्रंक कॉल आला. नमुने सुस्थितीत होते. पण वरची दोन पापलेटे कोणाची?

मी कंडक्टरला गाठले.

“बर्फ फुकट जात होता, बाई. मेव्हण्याला धाडली. त्यालाच मिळाली नायत.”

*

विमल केळशीची. आदल्या वर्षी अंतिम पाठात परीक्षक दुसऱ्याच वाक्याला “थांबा” म्हणाले आणि तिचा आवाज गेला तो गेलाच. या वेळीही नापास झाली असती, तर वडील तिला कायमची घरी नेणार होते. परीक्षक तेच. पाठांच्या वेळा ऐनवेळी बदलल्याने पुड्या मी मुलींच्या हातीच दिल्या: पाठाआधी तासभर घ्या.

विमलचा पाठ भरती-ओहोटीवर होता. मी मागच्या बाकावर होते. ऊन फरशीवरून सावकाश सरकत होते, खाली खाडीचे पाणी उतरत चालले होते. परीक्षकांनी पेन केव्हाच खाली ठेवले होते. लहानपणी सोडलेली एखादी होडी परत येताना दिसावी, तसे ते खिडकीबाहेर पाहत होते. “थांबा” आलेच नाही. तास संपल्यावर ते हलकेच म्हणाले, “झालं इतक्यात?”

विमल उत्तीर्ण झाली.

पाठानंतर लगेच घेतलेल्या रक्ताचा अहवाल आला. तिचे कॉर्टिसॉल सर्व मुलींत कमी. कोणाची पुडी कोणती, हे उघड केले तेव्हा तिची ट्रिप्टोफॅनचीच निघाली. सहसा कशावरही विश्वास न ठेवणारी मी, आकडा पुन्हा तपासून क्षणभर हुरळले. नोंद पूर्ण व्हावी म्हणून तिला विचारले, “पुडी नेमकी केव्हा घेतलीस?”

“मी?” विमल म्हणाली. “मी कशाला घेऊ, बाई? घाबरवतात ते परीक्षक. त्यांच्या कोकम सरबतात घातली.”