पत्री निवडणाऱ्या आजी

त्या दिवसांत माझा देवावर राग होता असं म्हणता येणार नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो. त्याआधी दोन वर्षं, उन्हाळ्यात आम्ही जपानच्या उत्तरेला, होक्काइदोला फिरायला गेलो होतो. तिथे गवतातून चालताना डाव्या पोटरीला गोचीड चावली. लाल गोल चट्टा उठला, ताप आला, आणि डॉक्टरांनी लाइम नावाचा आजार सांगितला. औषधाचा कोर्स पूर्ण केला. चट्टा गेला, ताप गेला, दुखणं मात्र मुक्कामालाच राहिलं. आज गुडघा, उद्या मनगट, परवा मान. शिवाय डोक्यात सतत धुकं. टोकियोतल्या हिगाशी-कासाईच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा हे नव्या बायकांना मी शिकवायचे, तीच मी आता चुकीच्या दिवशी चुकीची पिशवी घेऊन खाली उभी राहायचे. डॉक्टर म्हणाले, "जंतू बहुधा गेले आहेत. दुखणं का राहतं, ते आम्हालाही नीट माहीत नाही." त्यांचा हा प्रामाणिकपणा मला मुळीच आवडला नाही.

मग मी झाडपाल्याकडे वळले. पुण्याहून सासूबाईंनी गुळवेल आणि अश्वगंधा पाठवली. तिळाचं तेल चोळणं, गरम पाण्यात बसणं, वेळेवर झोपणं यांनी खरंच थोडं बरं वाटू लागलं. तेवढ्यावर थांबले असते तर शहाणी ठरले असते. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये दहा वर्षं काढली आहेत, दुसऱ्याच्या कामावर पटकन विश्वास ठेवत नाही. पण इंटरनेटवर कुणी अनोळखी माणसाने "मी या मुळीने बरा झालो" असं लिहिलं, की माझी ऑर्डर गेलीच. रोज संध्याकाळी नवा काढा. देवापुढे पेला ठेवायचा, नमस्कार करायचा आणि डोळे मिटून प्यायचा. आमची नऊ वर्षांची सई तीर्थ म्हणून त्यातला चमचाभर मागायची. मीही द्यायचे.

भाद्रपद आला तेव्हा मला एक कल्पना सुचली. गणपतीला एकवीस प्रकारची पत्री वाहतात. इथे ती मिळत नाही, म्हणून आम्ही बायका दिसायला साधारण तशी असतील ती पानं चालवून घेतो. मरवा नाही म्हणून दवणा, दवणा नाही म्हणून इथला योमोगी, तसाच वासाचा. देव समजून घेतो. माझ्या मनात आलं, पत्रीतली झाडं औषधी असतात हे आपण लहानपणापासून ऐकतो. या वर्षी पत्री स्वतः डोंगरातून आणायची, बाप्पाला वाहायची, आणि उत्तरपूजा झाली की तीच उकळून घ्यायची. औषधही झालं आणि प्रसादही! बरं व्हायला याहून पक्का उपाय काय असणार? नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. तो कावासाकीला ऑफिसात, सई शाळेत, आणि मी हरतालिकेचा उपास धरून एकटीच टोकियोच्या पश्चिमेकडच्या डोंगराकडे निघाले.

दुपारी एकपर्यंत पिशवी भरली. वर जाता जाता धुकं उतरलं आणि किर्र ओरडणारे किडे एकदम गप्प झाले. माझे गुडघे भरून आले, पुढे पाऊल टाकवेना, म्हणून मी वाटेतल्या दगडी पायऱ्यांवर बसले. किती वेळ बसले कोण जाणे. मान वर केली तर शेजारी एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्या आल्याचा आवाज मला आला नव्हता. पांढरे केस, जांभळं स्वेटर, पायात घरात घालायच्या स्लिपर. मी "कोन्निचिवा" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी माझ्या मांडीवरची पिशवी उचलली, सगळी पानं पायरीवर ओतली आणि निवडायला बसल्या.

एकेक पान उचलायचं, उलटं करायचं, नाकाशी न्यायचं, आणि उजवीकडे किंवा डावीकडे ठेवायचं. घाई नाही, चुकून परत उचलणं नाही. भीती वाटत होती, आणि का कोण जाणे, उठून जावंसंही वाटत नव्हतं. शेवटी त्यांनी डावीकडचा ढीग दोन्ही हातांनी उचलून दरीत टाकला आणि उजवीकडची पानं पिशवीत भरून दिली. मग त्यांचा हात माझ्या डाव्या पोटरीवर आला. पँटवरून, बरोबर त्याच जागी, जिथे आता कसलीही खूण उरलेली नाही. तिथे त्यांनी अंगठा दाबून धरला आणि म्हणाल्या, "मोऽ ईइ." पुरे आता. तो आवाज लहान मुलीचा असावा तसा होता.

त्या उठून वर धुक्यात निघाल्या, आणि त्याच वेळी खालच्या गावातला भोंगा वाजला. इथे गावोगावी खांबांवर भोंगे असतात. भूकंपाची सूचना त्यावरून देतात, आणि कुणी म्हातारं माणूस घरातून हरवलं तर त्याचं वर्णनही. एक एक शब्द सावकाश, आणि प्रत्येक शब्द डोंगरावरून परत येणारा. माझं जपानी बेताचंच, तरी कळलं. वय चौऱ्याऐंशी. स्त्री. जांभळं स्वेटर. पायात स्लिपर.

मी हाका मारल्या. त्या थांबल्या नाहीत. मग मी चढले. पाय दुखले नाहीत असं मी म्हणणार नाही. रडत रडत, पायऱ्यांना हात टेकत चढले. वळणावर त्या उभ्याच होत्या, वाट बघत असल्यासारख्या. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही खाली निघालो. दोन ठिकाणी वाट फुटत होती, धुक्यात मला काही उमगेना, तेव्हा त्याच मला ओढून घेऊन गेल्या. वाट ओली होती आणि त्यांच्या स्लिपर कोरड्या होत्या. हे मला घरी आल्यावर आठवलं.

चौकीतल्या पोलिसाने त्यांच्या मुलीला फोन लावला. माझ्या पिशवीच्या बाहेर तळाशी एक पान चिकटलं होतं. त्याने ते पाहिलं आणि हातमोजे चढवले. "हे तुम्ही खाल्लं का?" त्याने दोनदा विचारलं. ते तोरिकाबुतो होतं, आपल्या बचनागाच्या कुळातलं, जहरी. पान योमोगीसारखं दिसतं, पण त्याला वास नसतो. मी ते योमोगी समजून दवण्याच्या जागी भरभरून तोडलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे सईचा चमचा आला आणि मी तिथेच खुर्चीत बसून हुंदके देऊ लागले.

त्यांची मुलगी आली, साठीची असावी. वाकून वाकून माझे आभार मानू लागली. मी पानांची हकीकत सांगितली. ती म्हणाली, "तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. आई जन्मभर बँकेत होती. तिच्या हातून कुंडीतलं झाडसुद्धा जगायचं नाही. आता तर तिला चमचा आणि ब्रशही वेगळा ओळखता येत नाही."

"पण त्या माझ्याशी बोलल्या," मी म्हटलं.

तिचं वाकणं थांबलं. मग अगदी हळू म्हणाली, "दोन वर्षं ती बोललेली नाही. आवाज कसा होता?"

मला जमेल तसं मी सांगितलं. ती तोंडावर रुमाल धरून बाहेर गेली.

त्या संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो चिडला नाही, नुसता सईला जवळ घेऊन बसून राहिला. पुढच्या आठवड्यात मी डॉक्टरांपुढे माझ्या सगळ्या पुड्या आणि मुळ्या ठेवल्या. काही त्यांनी राहू दिल्या, बऱ्याच खोडल्या. काही न विचारता घ्यायचं नाही असं मी कबूल केलं. बाप्पाला त्या वर्षी दूर्वा आणि बाल्कनीतली तुळसच वाहिली. पूजा करताना लक्षात आलं की पत्रीत धोत्राही असतो, कण्हेरही असते. विषही तो निमूट घेतो. आपण त्याला वाहावं आणि तिथेच सोडावं. मी मात्र जे जे वाहिलं, ते बरं होण्याच्या बोलीवर वाहिलं होतं आणि लगेच परत मागितलं होतं. माझं दुखणं अजून आहे. बरे दिवस असतात, वाईटही असतात. पण आता मी बाप्पाशी बोली करत नाही.

थंडीत मी त्या आजींना भेटायला गेले. वृद्धाश्रमात खिडकीशी बसल्या होत्या. मी खाली वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी भिंतीकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मुलीला फार अवघडल्यासारखं झालं. "माफ करा," ती म्हणाली, "तुम्ही कोण ते तिला कळत नाही."

मी म्हटलं, "असू दे. त्या कोण, ते मला तरी कुठे कळलंय?"