जिभेखालची गोळी

मंगळवारी माझा भाऊ सुहास वारला. दुसऱ्याच्या सुईतून आलेल्या काविळीनं त्याचं यकृत गेलं होतं. गर्दच्या नशेऐवजी औषधाची गोळी घ्यायला तो ज्या केंद्रात जात असे, तिथं कळवायला मी गेले.

भिंतीलगतच्या बाकावर काही जण ओठ मिटून बसले होते. गोळी जिभेखाली विरघळेपर्यंत बोलायचं नसतं. सिस्टर एका दाढीवाल्याला विचारत होत्या, "काय नवरदेव, काल टोचून घेतलंत?" त्यानं मान डोलावली. "सुई नवी होती ना? इथून दिलेलीच?" पुन्हा मान डोलली. "बरं केलंत. उद्या जेवून या, नुसत्या चहावर नको." तो तोंड न उघडता हसला.

त्या हसण्याकडे मी पाहत राहिले. घरी आम्ही सुहासला एकच विचारायचो, सोडलंस का? तो 'हो' म्हणाला तरच आईला झोप लागायची, म्हणून तो हो म्हणायचा. मायेपोटीच खोटं बोलत असावा. इथं त्यानं उद्याही जिवंत असावं एवढीच मागणी होती, आणि ती खरं बोलूनही पुरी करता येत होती.

मी बातमी सांगितल्यावर सिस्टरांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"तुमच्याशी तो बोलायचा?" मी विचारलं.

"गोळी विरघळली की थांबायचाच नाही! घेतलेलं, न घेतलेलं, सगळं सांगायचा. आणि आईच्या कटाच्या आमटीचं कौतुक तर विचारूच नका."

आता घरात आई आणि मी आहोत. सिस्टरांकडून ऐकलेलं मी तिला रोज थोडं थोडं सांगते.