खाजामियाँचे गुळगुळीत गाल

लातुरात भजनासाठी पेटी घ्यायची म्हणजे दोन गोष्टी सोबत न्याव्या लागत: पैसे आणि खाजामियाँ. पैसे थोडे कमी असले तरी चालायचं, कारण उरलेलं काम खाजामियाँ तोंडाने करत. मंडळाची माणसं त्यांना ऑटोत मधोमध बसवून दुकानात नेत. मुलगी बघायला जाताना घरातल्या सगळ्यांत तिरसट काकांना नेतात ना, तसं.

खाजामियाँ मूळचे नांदेडचे. तिथे एका कारखान्यात पेट्या बनवायला आणि दुरुस्त करायला शिकले, पुढे सासुरवाडीच्या ओढीने लातूरला आले. ओढ रईसाभाभींची होती की सासूबाईंच्या हातच्या खान्याची, यावर गल्लीत दोन तट होते. शरीर किरकोळ, पण गाल रुंद आणि मऊ. ते गाल म्हणजेच त्यांचं हत्यार. भाता भरायचा, एकही पट्टी दाबायची नाही आणि पेटीच्या सांध्यासांध्यावरून गाल फिरवायचा. कुठे केसाएवढी हवा सुटत असली तरी गालाला गार लागायचं. त्यासाठी खरेदीच्या दिवशी ते सकाळीच घोटून दाढी करत. बाजारातून खाजामियाँ गुळगुळीत गालांनी चालले की वाद्यांचे दुकानदार देवाचं नाव घेत.

पण त्यांची खरी कला पुढे होती. पेटी टाकाऊ असली की खाजामियाँ विरघळत. "सुंदर हाय. काय पॉलिश, काय गोडवा," म्हणत उठून चपला शोधायला लागत. मंडळी समजायची आणि तीही उठायची. पेटी चांगली निघाली तर मात्र ते मांडी घालून नीट बसत आणि तिला नावं ठेवायला घेत. लाकूड ओलं, भाता दमेकरी, सूर सर्दी झाल्यासारखे. पेटी जितकी चांगली, तितका वेळ हे चाले. शेवटी दुकानदारालाच आपल्या मालाची लाज वाटून भाव उतरायचा.

या सवयीला घरात सुट्टी नव्हती. बगारा भात तिसऱ्यांदा वाढून घेताना ते तांदळाला, मसाल्याला आणि चुलीला दोष देत. रईसाभाभी शांतपणे वाढत. शेजारणींना सांगत, "जिस दिन खाना अच्छा बोले, समझ जाव के मैं नमक डालना भूल गई."

भूकंप झाला तेव्हा त्यांचं घर वाचलं, पण रईसाभाभी छताखाली झोपेनात. मग अंगणात लिंबाच्या झाडाजवळ पत्र्याचं शेड ठोकलं. त्या हिवाळ्यात गावोगावच्या देवळांतून, ढिगाऱ्यांखालून निघालेल्या पेट्या या शेडमध्ये येऊन पडल्या. भात्यात माती, पट्ट्यांत खडे. नाजिया, त्यांची मुलगी, तेव्हा शाळेत होती. पितळी सूर एकेक करून ब्रशने झाडायचं काम तिला मिळालं आणि ते करता करता तिचा कान तयार झाला.

त्याच पेट्यांत चतुराबाईंच्या मंडळाची पेटी होती. चतुराबाई औशाकडच्या एका गावात बायकांचं भजनी मंडळ चालवायच्या. आवाज असा की बाजूच्या शिवारात ऐकू जावा. खाजामियाँनी चेपलेली पेटी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "लई चांगली पेटी होती, आक्का." चतुराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. खाजामियाँ स्तुती करतात म्हणजे पेटी गेली, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

नंतरच्या वर्षांत लातूरला नवीनच भूकंप झाला, क्लासेसचा. गुणवत्ता यादी लागली की चौकाचौकात फोटो लागायचे. ज्याच्या दाराशी म्हैस होती त्याने ती विकून गोठ्यात शिकायला आलेली पोरं भाड्याने ठेवली. रईसाभाभींनी गल्लीचा हिशेब एका नजरेत केला आणि भावाकडून चार खाटा आणून शेडच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. अडचण एकच होती. शेडमध्ये नाजिया बसत होती, आणि तिने एक अख्खी पेटी बनवली होती. लाकूड कापण्यापासून सूर घासण्यापर्यंत सगळं एकटीने. तिला हेच काम करायचं होतं.

घरात शेवटी करार झाला: ही पेटी ईदच्या आधी रास्त भावाने बाहेरच्या गिऱ्हाइकाने नेली, तर शेड नाजियाचं. नाही तर खाटा आत.

ईद आठवड्यावर आली तेव्हा चतुराबाई दारात उभ्या राहिल्या. सोबत त्यांचे यजमान श्रीमंतराव. नावातली श्रीमंती बंडीच्या आतल्या खिशात, त्यावर हात घट्ट.

"चला खाजाभाई, दाढी केलाव का?" चतुराबाई म्हणाल्या. "पुनर्वसनाच्या नव्या गावात देऊळ झालं. टाळावर किती दिवस भागवावं. पेटी घ्यायचीय."

खाजामियाँ सवयीने टोपी घालून निघाले. रईसाभाभी चहा घेऊन आडव्या आल्या. "बाजारात कशाला जाता आक्का? घरातच पेटी हाय की. नाजियाने बनवली." खाटा आणणारी बाई लेकीची पेटी विकायला निघाली, याचं कोणालाच नवल वाटलं नाही. आई होती.

चतुराबाईंनी नाजियाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आण बघू. पण खाजाभाई, तुम्ही आमच्याच बाजूनं बसायचं. बाप म्हणून न्हाई."

"हाव," खाजामियाँ म्हणाले आणि तिथेच फसले.

पत्र्याखाली कुठलीही पेटी कर्कश वाजते, म्हणून पेटी लिंबाखाली ठेवली. खाजामियाँनी भाता भरला, गाल सांध्यांवरून फिरवला. पुन्हा फिरवला. हवा कुठेच सुटत नव्हती. मंद्रातला एक सूर धरला. तो उदबत्तीच्या धुरासारखा सरळ गेला.

आयुष्यभर ते घेणाऱ्याच्या बाजूने बसले होते. आज समोर लेक, बाजूला भिंतीला टेकलेल्या चार खाटा. पेटी विकली जावी म्हणून काय बोलतात, हे त्यांना माहीतच नव्हतं. दुकानदार काय बोलतात ते त्यांनी आठवलं आणि घसा खाकरून म्हणाले, "सुंदर हाय. काम सुबक. सूर लई गोड."

चतुराबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "बरं, येतो मग." श्रीमंतरावांनी खिशावरचा हात सैल केला आणि चपला पायात सरकवल्या.

"मावशी, काय झालं?" नाजियाने विचारलं.

"काही न्हाई गं लेकरा. शिकशील हळूहळू. बापाच्या मनाला उतरली न्हाई, त्याला तू काय करशील."

"अहो, खरंच चांगली हाय," खाजामियाँ म्हणाले.

"बघा, अजून कौतुक करायलेत," चतुराबाई यजमानांना म्हणाल्या आणि उंबऱ्याकडे वळल्या.

नाजियाचं तोंड पांढरं पडलं. रईसाभाभींनी कपाळाला हात लावला आणि नवऱ्याच्या पाठीत कोपर ढोसलं. "सीधा बोलो ना. जैसा रोज बोलते."

खाजामियाँनी टोपी काढली, मांडी घातली. "आणि ही मूठ," ते गरजले, "ही मूठ काय म्हशीची वेसण हाय? लाकडाचा रंग बघा, चहा सांडल्यासारखा. भात्याला चामडं इतकं चिकटवलं, जणू हिला सरस फुकट मिळतो. पॉलिश तर असं, म्हैस डबक्यातून उठून आली."

चतुराबाई उंबऱ्यावर थांबल्या.

"आणि वरच्या सप्तकातली ही पट्टी ऐका. दाबली की विचार करते, मग बोलते. सरकारी कचेरीत बसवा हिला."

चतुराबाई परत येऊन बसल्या. श्रीमंतरावांनी चपला काढल्या. खाजामियाँ आता रंगात आले होते. स्क्रू, खुंट्या, पेटीचे पाय, एकेकाचा उद्धार झाला. नाजिया आधी गोरीमोरी झाली, मग तिला मावशीचा चेहरा दिसला. तो खुलत चालला होता. ती पेटीशी बसली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही गा. मी धरते."

चतुराबाईंनी डोळे मिटून आपल्या पट्टीत अभंग उचलला. बाजारातले पेटीवाले त्यांना नेहमी पुरुषांच्या पट्टीत ओढायचे. नाजियाने दोन सूर चाचपले आणि तिसऱ्यावर त्यांचा आवाज अलगद झेलला. समोरच्या क्लासमधली पोरं खिडकीत जमली. मास्तरांनी त्यांना हाकललं नाही. तेही खिडकीतच होते.

भाव ठरताना बाप लेकीशी गिऱ्हाइकाच्या बाजूने भांडला. तो अडीच हजारांवरून हलेना, ती साडेतीनवरून. शेवटी चतुराबाईंनीच "तीन घे आणि बापाला गप कर" म्हणून तोडलं. रास्त भाव होता. श्रीमंतरावांनी बंडीत हात घातला. पेटी काळी-पिवळी जीपमध्ये चतुराबाईंच्या मांडीवर बसून गेली.

नाजिया हत्यारं आवरत होती. "अब्बा, पहिल्यांदा बोललात ते खोटं होतं का?"

खाजामियाँनी गाल चोळला. "ती वरची पट्टी खरंच उशिरा बोलते. पुढच्या पेटीत ध्यान दे."

पुढच्या पेटीत, हे शब्द रईसाभाभींनी चुलीपाशी ऐकले. त्या उठल्या, भिंतीची एक खाट ओढून लिंबाखाली टाकली आणि म्हणाल्या, "तीन खाटा परत जातील. ही राहू द्या. गिऱ्हाइकं बसायला काही तरी पाहिजे."

खाजामियाँ खाटेवर आडवे झाले, कुशीवर वळले आणि म्हणाले, "दोरी ढिली हाय."