जर्मनीकडून खेळली आमची सून

मंडळी, आज दुपारी घणसोलीच्या आमच्या घरात नुसता धिंगाणा झाला! माझी सून रेश्मा चार वर्षांपासून जर्मनीत नोकरी करते. आज ती जर्मनीच्या महिला संघातून पहिल्यांदाच खेळली, क्रिकेटमध्ये नवख्या असलेल्या देशांच्या स्पर्धेत.

शेवटच्या ओव्हरमध्ये इटलीला सहा धावा हव्या होत्या आणि बॉल नेमका रेश्माच्या हातात. टेन्शनने मी डोळेच मिटले. "अगं बघ, बोल्ड केलं तिने!" हे ओरडले. दोनच धावा देऊन पोरीने मॅच जिंकून दिली.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. "आई, पाहिलंत का?"

"पाहिलं गं. लग्नानंतर क्रिकेट सोड, असं मीच तुला म्हणाले होते. चुकलंच माझं."

ती हसली. "मी ऐकलं कुठे होतं?"

मग दोघी हसता हसता रडलो. तुमच्यापैकी कुणी सुनेला कधी सॉरी म्हटलंय का?