हेकरूचा पंचनामा

नोकरीतल्या कितीतरी गुन्ह्यांची कलमं आता माझ्या लक्षात नाहीत, पण मेलेल्या माशांचा तो पंचनामा काही केल्या विसरता येत नाही.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. शहरातल्या छावणीच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्या हद्दीत एका विश्वस्त संस्थेचं मत्स्यालय होतं. नफा कमवायचा नाही, समुद्रापासून लांब असलेल्या आपल्या भागातल्या मुलांना समुद्रातला जीव दाखवायचा, एवढाच संस्थेचा हेतू. पाण्यात खास मीठ कालवून टाक्या भरायच्या. सोयगावकडच्या शाळांच्या सहली यायच्या. सगळ्यांत मोठ्या टाकीत हातभर लांबीचा, ठिपकेदार हेकरू मासा होता. मुलं काचेला नाक लावून त्याच्याकडे बघत राहायची.

एका सकाळी संस्थेच्या चिटणिसांचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा मोठ्या टाकीतले आणि शेजारच्या लहान टाकीतले सगळे मासे उलटे तरंगत होते. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराला माशांची नावं येईनात. कोपऱ्यात उभे असलेले काका त्याला एकेक नाव सांगत होते. हे काका मूळचे शेंद्र्याचे. मत्स्यालयात पहिली टाकी बसली तेव्हापासून कामाला. हेकरूचं नाव सांगताना त्यांनी टाकीकडे पाठ केली.

समुद्री विभाग मात्र आता त्यांच्याकडे नव्हता. वर्षभरापूर्वी संस्थेनं रत्नागिरीकडची एक मुलगी नेमली होती. मत्स्यशास्त्र शिकलेली, कामाला वाघ. काकांना गोड्या पाण्याच्या टाक्यांवर पाठवलं होतं.

माझ्या हाताखाली एक तरुण महिला फौजदार होत्या. पाण्याचे नमुने त्यांनीच सीलबंद करून प्रयोगशाळेला पाठवले. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या तक्रारपेटीत निनावी चिठ्ठी निघाली. ‘कोकणातल्या पोरीनंच टाकीत मोरचूद टाकलं. तिला विचारा.’ मोरचूद म्हणजे बागांवर फवारतात ते निळं औषध.

चिठ्ठी वाचून फौजदार म्हणाल्या, “सर, पाण्यात काय आहे ते अजून आपल्यालाच माहीत नाही. याला कसं माहीत?”

प्रश्न बिनतोड होता आणि तेच मला सोसलं नाही. मागच्याच गुन्हे आढावा बैठकीत आयुक्तांनी सगळ्यांसमोर या बाईंचं कौतुक केलं होतं. तीस वर्षं घासूनही माझं नाव तसं कुणी घेतलं नव्हतं. तेव्हापासून त्यांनी तोंड उघडलं की माझं डोकं तापायचं.

“तपास माझ्याकडे आहे,” मी म्हणालो. “त्या मुलीला बोलवा.”

दोन दिवस मी तिला सकाळी बोलवायचो आणि दिवस मावळायच्या आत सोडायचो. फौजदार समोर बसायच्या. कायद्याच्या दृष्टीनं सगळं चोख होतं. पण एकच प्रश्न मी दहा तऱ्हांनी विचारत होतो.

“सर, मी माझ्याच माशांना का मारीन?” ती म्हणायची.

“ते तूच सांग,” मी म्हणायचो आणि बाहेर निघून यायचो. तिसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात तिचा फोटो आला आणि संस्थेनं तिला कामावरून थांबवलं.

चौथ्या दिवशी अहवाल आला. पाण्यात मोरचूदच निघालं. फौजदारांनी फक्त मत्स्यालयातली खाद्याची वही माझ्या टेबलावर ठेवली आणि शेजारी ती चिठ्ठी. अक्षर एकच होतं. काकांचं. वही फौजदारांनी दोन दिवसांपूर्वीच आणून ठेवली होती. मी बोलू देईन तेव्हाच दाखवणार होत्या.

मी काकांना बोलावलं, चहा दिला, वही आणि चिठ्ठी पुढं सरकवली.

त्यांनी वही मिटून बाजूला सारली. मग म्हणाले, “हेकरू माझ्या हातानं खायचा, साहेब. नऊ वर्षं. हात पाण्यात घातला का यायचा. ती आली अन् महिन्याभरात तिच्याकडं जाया लागला. मागं एकदा पेपरात तिचा फोटू आला, त्याच्यासंगं. फोटू काढला तवा मी तिथंच झाडू मारत व्हतो.”

“म्हणून त्याला मारलंत?”

“नाय, साहेब!” ते उभेच राहिले. “मोठ्या टाकीला हात नाय लावला. बारक्या टाकीत टाकलं. तिचे चार मासे आजारी पडावेत, मालकांनी मला हाक मारावी, एवढंच. चिमूटभर टाकायचं व्हतं. रागात मूठ पडली.”

“दोन्ही टाक्या तिनं महिन्यापूर्वी नळीनं जोडल्या होत्या, काका,” फौजदार हळूच म्हणाल्या. “पाणी एकाच ठिकाणी गाळलं जावं म्हणून. तिच्या जबाबात आहे.”

“सकाळी मासे बघितले तवा ती नळी दिसली. तिनं जोडली नसती तर माझा हेकरू वाचला असता, असंच डोक्यात बसलं. त्याच रागात चिठ्ठी लिवली.”

“नळी जोडल्याचं तिनं तुम्हांला सांगितलं नव्हतं?” मी विचारलं.

“सांगत व्हती. ती बोलाया लागली का मी उठून जायचो.”

मुलीचा जबाब माझ्याच ठाण्यात, माझ्याच फाइलला लागलेला होता. मी तो वाचलासुद्धा नव्हता.

काकांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. शिक्षा हलकी झाली, नोकरी गेली. संस्थेनं मुलीला सन्मानानं परत घेतलं. पण ती छावणीत ज्यांच्याकडे भाड्यानं राहायची, त्या घरच्यांनी तिला पोलीस गाडीत बसताना पाहिलं होतं. म्हणून मी गणवेशात तिथं गेलो आणि घरमालकीण, शेजारीपाजारी सगळ्यांदेखत म्हणालो, “चूक माझी होती. या मुलीचा काही दोष नाही.”

ती म्हणाली, “सर, तुम्ही मला विचारत होतात. ऐकत होत्या त्या मॅडम.”

पुढच्या बैठकीत आयुक्तांनी या तपासाबद्दल मला शाबासकी दिली. मी उभा राहिलो आणि फौजदारांचं नाव सांगितलं. टाळ्या वाजल्या. खोटं कशाला सांगू, त्या टाळ्या तेव्हाही मला बोचल्या. मत्सर एका प्रकरणानं माणसातून जात नाही. माझा गेला नाही. पण नोकरीच्या उरलेल्या दिवसांत, फौजदार बाई बोलत असताना मी एकदाही खुर्चीतून उठलो नाही.